पहाटेचा पांढरा धूर आणि थरथरणारी व्हॅन: चार इंजेक्टर घेण्याआधी

प्रश्न : माझी १२ आसनी डिझेल व्हॅन आहे. २०१७ ची, बीएस-४, कॉमन रेल, २ लाख १० हजार किलोमीटर झालेली. निफाडहून सातपूर एमआयडीसीत कामगारांची ने-आण करतो, पहिली फेरी पहाटे साडेपाचला निघते. दिवाळीनंतर सकाळचा पहिला सेल्फ ८-१० सेकंद मारावा लागतो. सेल्फ फिरत असतानाच सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागतो. चालू झाल्यावर दोन-तीन मिनिटं सबंध गाडी हलते, मिसिंग मारते, धुराने डोळे चुरचुरतात. मग आपोआप शांत होते. दिवसभर अर्ध्या सेल्फला चालू होते, ॲव्हरेज पूर्वीइतकंच आहे, कुलंट कमी होत नाही. एका मेकॅनिकने चारही इंजेक्टर बदलायला सांगितलेत. दुसरा म्हणतो, हेड गॅस्केट गेलंय. दोन्ही खर्च मोठे. आधी काय करू? (एक वाचक, निफाड तालुका)

उत्तर : इंजेक्टरची (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) ऑर्डर आज देऊ नका, आणि हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, तर कुणाला हातही लावू देऊ नका. सेल्फ फिरतानाच धूर येणं, त्या धुराने डोळे चुरचुरणं, दोन-तीन मिनिटांत सगळं निवळणं आणि दिवसभर कसलाच त्रास नसणं, हे तुम्ही नीट टिपलंत आणि त्याचा अर्थ बराच स्पष्ट आहे. डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय, पण ते पेटवायला लागणारी उष्णता पहाटे कमी पडते. ती उष्णता पुरवणारी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे हीटर प्लग, ज्यांना पुस्तकात ग्लो प्लग म्हणतात. चार हीटर प्लग मिळून एका इंजेक्टरपेक्षा स्वस्त पडतात. तपासणी तिथूनच सुरू करायची.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल पेटतं. पहाटे लोखंड गार असतं. दाबलेल्या हवेतली बरीचशी उष्णता सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच ओढून घेतात. ज्या सिलिंडरला हीटर प्लगचा आधार नाही, तिथे डिझेल पेटत नाही, नुसती वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि गार हवेत त्याचं धुकं होतं. तोच तुमचा पांढरा धूर. चारपैकी एक किंवा दोन सिलिंडर अशी रिकामी फिरत असली की गाडी थरथरणारच. दोन-तीन मिनिटांत बाकीच्या सिलिंडरांच्या उष्णतेने इंजिन तापतं, रुसलेलं सिलिंडर कामाला लागतं आणि गाडी शांत होते.

मग हे दिवाळीनंतरच का सुरू झालं? कॉमन रेल इंजिन (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) मुख्य फवाऱ्याआधी डिझेलचा एक-दोन थेंबांचा छोटा फवारा मारतं, त्यामुळे २० अंशांच्या पुढे हीटर प्लगशिवायही ते बऱ्यापैकी चालू होतं. तुमचे प्लग कदाचित मे महिन्यातच गेले असतील, पण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्यांची उणीव जाणवलीच नाही. पारा १० अंशांच्या खाली गेला आणि दोष उघडा पडला. निफाडचा पारा ५-६ अंशांवर आणि काही वर्षी त्याच्याही खाली उतरतो, तेव्हा तर विचारूच नका. पनवेलला किंवा मडगावला कुणाच्या गाडीने २४-२५ अंशांत असाच धूर ओकला असता, तर आम्ही हीटर प्लगवर थांबलो नसतो. सरळ कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) आणि इंजेक्टरकडे गेलो असतो. म्हणून पहाटेचं तापमान रोज लिहून ठेवा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात रोज बातम्यांत येतोच.

आधी हत्याराशिवाय

पहिली परीक्षा चावीची. रात्रभर उभ्या गाडीची चावी ऑन करा, हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, वर पाच सेकंद मोजा, चावी बंद करा. असं तीनदा करून मगच सेल्फ मारा. दुसऱ्या दिवशी साधारण तेवढ्याच थंडीत एकदाच चावी ऑन करून सेल्फ मारा. तीनदा केल्याने सेल्फ निम्म्यावर आला आणि धूर कमी झाला, तर दुखणं उष्णतेचंच आहे. शक्यता अशी की एखाद-दुसरा प्लग मेलेला आहे आणि उरलेले कसेबसे भार ओढतायत. फरक पडला नाही, तर मात्र प्लगना निर्दोष ठरवू नका. फ्यूज उडाला असेल किंवा रिले (प्लगना करंट जोडणारा स्विच) चिकटत नसेल तर तीनदाच काय, दहादा चावी फिरवूनही प्लगपर्यंत करंट जाणार नाही. शिवाय काही गाड्यांत कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, लागोपाठ दुसऱ्यांदा प्लग तापवू देत नाही. पिवळा दिवा विझला म्हणजे प्लग तापले, असंही नाही. तो दिवा फक्त वेळ मोजतो, आणि प्लग तुटलेला असला तरी अनेक गाड्यांत नेहमीसारखाच विझतो.

दुसरी परीक्षा डोळ्यांची, आणि तिचं उत्तर तुम्ही पत्रातच दिलंत. सेल्फ फिरत असताना पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये फवारलं जातंय. सेल्फ दहा सेकंद फिरूनही धुराचा मागमूस नसता, तर डिझेल पोहोचतच नाही असा अर्थ झाला असता. मग लाइनमध्ये एअर, जाम फिल्टर, रेलमध्ये दाब न बनणं हा वेगळाच तपास करावा लागला असता. या एका खुणेवरून निम्मी कारणं बाजूला होतात, आणि तरीही गॅरेजमध्ये हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण तिथे गाडी पोहोचते तेव्हा ती गरम झालेली असते. म्हणून मेकॅनिकला पहाटे घरी बोलवा किंवा आदल्या रात्री गाडी त्याच्याकडे ठेवा. गरम इंजिनावर या रोगाची तपासणी करण्यात काही अर्थ नाही.

रंगाबद्दल थोडं. पांढरा, रेंगाळणारा, डोळ्यांना झोंबणारा आणि कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. पांढराच, पण बिनवासाचा आणि दोन-तीन फुटांवर विरून जाणारा असेल तर ती नुसती पाण्याची वाफ, थंडीत प्रत्येक गाडीला येते. गोडसर वास, गाडी गरम झाल्यावरही न थांबणारी पांढरी वाफ आणि टाकीतलं उतरणारं कुलंट हे एकत्र आलं, तरच हेड गॅस्केट (हेडखालचं सील) किंवा ईजीआर कूलरचा (इंजिनात परत जाणारा जळका गॅस गार करणारा भाग) संशय घ्यायचा. निळसर धूर इंजिन ऑइलचा. सकाळच्या पहिल्या झटक्याला निळा ढग येऊन थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी.

तिसऱ्या परीक्षेला लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन लागते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला हेडमधून येणारी चार तोंडं असतात. वरचा पत्रा आधीच काढून ठेवा. गार गाडी चालू केल्यापासून पहिल्या मिनिटातच चारही तोंडांवर गन मारा. जी सिलिंडरं पेटतायत त्यांची तोंडं भराभर तापतात, न पेटणारं मागे राहतं. नंबर लिहून घ्या. दोन मिनिटांनी हा फरक बुजतो, त्यामुळे एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने बॉनेटपाशी तयार राहायचं.

हीटर प्लग कसे तपासायचे

प्लगच्या डोक्यावरची वायर किंवा चौघांना जोडणारी पट्टी आधी काढा. पट्टी न काढता मोजलं तर चारही प्लग एकत्र मोजले जातात आणि मेलेला एक त्यात लपून जातो. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या डोक्याला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावा. गार, चांगला १२ व्होल्टी प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो, तो वजा करा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली, प्लग मेला. तीन प्लग ०.८ आणि चौथा ३ ओहम दाखवत असेल, तर तोही मेल्यातच जमा.

ओहम बरोबर आले तरी तेवढ्यावर विसंबू नका. प्लग टोकाला तापायला हवा. तो मध्येच कुठेतरी तापत असला तरी ओहम ठीकच दिसतात. खरी चाचणी करंटची. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर प्लगच्या मुख्य वायरीभोवती लावा आणि चावी ऑन करा. १२ व्होल्टी धातूचा प्लग सुरुवातीला १५-२० अँपिअर किंवा थोडा जास्त ओढतो आणि काही सेकंदांत ८-१२ वर स्थिरावतो. म्हणजे चौघांचे मिळून सुरुवातीचे ६० ते ८० अँपिअर दिसायला हवेत. जेमतेम ३५-४० दिसले तर दोन प्लग गेले. शून्य दिसलं तर प्लगकडे नका बघू, मागे चला: मोठा पट्टीचा फ्यूज, मग रिले, मग त्याला हुकूम देणारा टेम्परेचर सेन्सर.

हा सेन्सर बऱ्याचदा दुर्लक्षित राहतो. इंजिन किती गार आहे हे कंट्रोल युनिटला तोच सांगतो आणि त्यावरून प्लग किती वेळ तापवायचे, गाडी चालू झाल्यावरही ते किती वेळ चालू ठेवायचे आणि डिझेल किती जास्त सोडायचं, हे ठरतं. सेन्सर ८ अंशांच्या पहाटे ६० अंश सांगत असेल तर प्लग तापणारच नाहीत आणि स्कॅनरमध्ये एखादेवेळी दोषही दिसणार नाही, कारण ६० अंश हा आकडा अशक्य नाही. पहाटे सेल्फ मारण्याआधी स्कॅनर लावून कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे ४-५ अंशांच्या आत जुळले पाहिजेत.

प्लगच्या अंगावर व्होल्टेज कोरलेलं असतं, ते वाचल्याशिवाय थेट बॅटरीला लावून बघू नका. ११ किंवा १२ असेल तर चालतं. नव्या इंजिनांत ४.४, ५ किंवा ७ व्होल्टी प्लगही असतात. ते थेट १२ व्होल्टला लावले की काही क्षणांत जळतात, आणि मग चांगला प्लगही तुम्हीच मारलेला असतो.

आता काढण्याबद्दल, कारण खरं नुकसान इथे होतं. ७-८ वर्षं न हललेला प्लग कार्बनने हेडमध्ये धरून बसलेला असतो. गार इंजिनावर लांब पान्याने जोर लावला की तो मधूनच तुटतो आणि एका छोट्या कामाचं हेड उतरवण्याचं काम होतं. आदल्या दिवशी प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी गाडी चांगली गरम करून, इंजिन बंद करून, गरम असतानाच काढायला घ्या. टॉर्क पाना वापरा. १० मिलिमीटर आट्याच्या प्लगला ३५ न्यूटन-मीटरच्या आणि ८ मिलिमीटरच्या प्लगला २० न्यूटन-मीटरच्या पुढे जोर लावू नका. सुटत नसेल तर पुन्हा तेल, पुन्हा गरम, थोडं आवळून मग थोडं सोडवायचं. दिवसभर लागला तरी लागू द्या. निघाल्यावर भोक रीमरने (भोकातला कार्बन खरवडणारं हत्यार) साफ करा, रीमरच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे कार्बन आत पडणार नाही. बसवताना १० मिलिमीटरला साधारण १५ आणि ८ मिलिमीटरला ८-१० न्यूटन-मीटर पुरे. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. चारही एकदम बदला. एक गेला असेल तर बाकीचे त्याच वयाचे आहेत.

काढलेले प्लग फेकू नका, सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. टोक कोरडं आणि करडं असेल तर ठीक. टोक वितळलेलं किंवा फुगलेलं असेल, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर नीट फवारत नाही किंवा प्लगला जास्त व्होल्टेज मिळतंय. टोक ऑइलने ओलं असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. चार प्लगची टोकं जे सांगतात, ते नंतर इंजेक्टरचा निर्णय घेताना फार उपयोगी पडतं.

बॅटरी आणि अर्थिंग

हीटर प्लग आणि सेल्फ दोघंही एकाच बॅटरीवर जगतात, आणि थंडीत बॅटरी स्वतःच ढिली पडते. रात्रभर उभी राहिलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी लोड टेस्टरवर तपासून घ्या. नुसतं "सेल्फ फिरतो की" म्हणून चालत नाही. संथ फिरणाऱ्या इंजिनात हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला आणि भिंतींना उष्णता देऊन बसायला जास्त वेळ मिळतो, म्हणजे दाबही कमी आणि तापही कमी.

बॅटरी चांगली असूनही व्होल्टेज वाटेत गळू शकतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनच्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी गंजलेली आहे. काढा, दोन्ही टोकं घासा, आवळा. हीटर प्लगचाही परतीचा करंट याच पट्टीतून जातो, त्यामुळे एका गंजलेल्या बोल्टने सेल्फ आणि प्लग दोन्ही कमजोर होतात. हे काम फुकटचं आहे, प्लग मागवण्याआधी करून टाका.

इंजेक्टर सांगणारा मेकॅनिक पूर्ण चुकीचा नाही

२ लाख १० हजारांवर नोझल (इंजेक्टरची फवारणारी टोकं) झिजलेले असू शकतात, आणि ठिबकणारा नोझल गार इंजिनात पांढरा धूर करतोच. आमचा आक्षेप आहे तो चाचणीशिवाय चारही बदलण्याला. तुमच्या गाडीत एक गोष्ट इंजेक्टरच्या विरोधात जाते. परतीच्या लाइनला (उरलेलं डिझेल टाकीकडे नेणारी नळी) जास्त डिझेल सोडणारे इंजेक्टर गरम इंजिनावर जास्त छळतात, कारण गरम डिझेल पातळ होतं, गळती वाढते आणि रेलमध्ये दाब बनत नाही. तुमची गाडी गरम असताना अर्ध्या सेल्फला चालू होते.

नवे प्लग, चांगली बॅटरी आणि तरीही तेच सिलिंडर पहाटे गार, असं झालं तर पुढचं करा. कंट्रोल युनिट प्रत्येक सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त करून देतं, ते स्कॅनरवर आयडलिंगला दिसतं, मिलिग्रॅम किंवा घन मिलिमीटरमध्ये. तीन सिलिंडरं शून्याच्या आसपास आणि एक सतत ३ च्या पुढे असेल तर तिथे काहीतरी आहे. हे आकडे गार असताना आणि तासाभराने गरम असताना असे दोनदा लिहा. मग परतीच्या डिझेलची चाचणी: चारही इंजेक्टरच्या परतीच्या तोंडांना पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, मूळ परतीची लाइन बंद करायची, गाडी काही मिनिटं आयडलिंगला ठेवायची. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल साठलं तर तो इंजेक्टर बाहेर काढायचा. ही पद्धत सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या) इंजेक्टरसाठी आहे. पिझो (क्रिस्टलवर चालणाऱ्या) इंजेक्टरना परतीच्या लाइनमध्ये ठरावीक दाब लागतो, त्यांची तपासणी डिझेल पंप-नोझलच्या लॅबमध्येच करून घ्या. संशयित इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावा, छापील रिपोर्ट मागा, आणि नापास झालेलाच बदला. नव्यावरचा कोड कंट्रोल युनिटमध्ये भरला पाहिजे. खालचं तांब्याचं वॉशर दरवेळी नवं टाका. जुनं वॉशर परत घातलं की तिथून गॅस गळतो, "फुस् फुस्" आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर बसतो.

एक कडक इशारा. जुन्या पंपाच्या गाड्यांत कुठलं सिलिंडर मिसिंग आहे हे बघायला चालू इंजिनावर पाइपचे नट एकेक ढिले करायची पद्धत होती. कॉमन रेलवर हे कधीही करू नका, कुणाला करू देऊ नका. आयडलिंगलाच रेलमध्ये २५०-३५० बार दाब असतो, रेस दिली की हजाराच्या वर जातो. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणीएवढी खूण दिसते, आत हात सडायला लागतो. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. इंजेक्टरचे इलेक्ट्रिक कनेक्टरही चालू गाडीवर उपटायचे नाहीत. सिलिंडर बंद करून बघायचं काम स्कॅनरवरून होतं.

कॉम्प्रेशनची पाळी सगळ्यात शेवटी. प्लग काढलेलेच असतील तर त्याच भोकातून गेज लावून तपासणी होऊन जाते. इंजेक्टरचा पुरवठा तोडून, चारही प्लग बाहेर असताना मोजायचं. सुस्थितीतल्या कॉमन रेल इंजिनात साधारण २४ ते ३० बार मिळतात. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट सिलिंडरमध्ये ३-४ बारपेक्षा जास्त फरक नको. एखादं २० च्या खाली असेल तर तो पहाटेचा चोर सापडला. मात्र हेड गॅस्केटच्या निदानाला आम्ही आत्ताच नाही म्हणतो. कुलंट उतरत नाही, गाडी तापत नाही, धूर डिझेलचा आहे. खात्रीच हवी असेल तर रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रावण असलेली नळी लावून तपासा. कुलंटमध्ये जळका गॅस येत असेल तर द्रावणाचा निळा रंग बदलून हिरवट-पिवळा होतो. हेड उतरवण्याआधी ही साधी चाचणी मागणं हा तुमचा हक्क आहे.

ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तर जळका गॅस परत आत जाऊन आयडलिंग बिघडतं. प्लगचं काम चालू असतानाच तो काढून साफ करून घ्या, वेळ फार जात नाही.

दुरुस्ती होईपर्यंत

पहाटे हेडलाइट, ब्लोअर बंद ठेवा, क्लच दाबून धरा, चावी तीनदा ऑन करा. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. चालू झाल्यावर रेस देऊन "गळा साफ" करू नका. न पेटलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं, आणि तेवढ्यात रेस दिली की रिंगा कोरड्या घासतात. गाडी बंद शेडमध्ये तापवू नका, आणि कामगार मागच्या बाजूने चढत असतील तर धूर निवळेपर्यंत त्यांना थांबवा.

हवेच्या पाइपमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या हीटर प्लगवर ईथर वेळेआधीच पेटतो, पिस्टन आणि रिंगा फुटतात. फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं तर आगीला आमंत्रण. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. रॉकेलला वंगण कमी, उच्च दाबाचा पंप त्याने झिजतो, आणि पंपातला चुरा चारही इंजेक्टरमध्ये जातो. डिझेल गोठल्याची शंका असेल तर ती सोडा. आपल्याकडे हिवाळ्यात मिळणाऱ्या डिझेलचा फिल्टरमधून जाण्याचा मापदंड ६ अंश आहे. त्याच्या खाली मेण धरलंच, तर गाडीला डिझेल कमी पडेल, ती ओढणार नाही. डिझेलचा पांढरा धूर त्याने येत नाही. फिल्टरच्या बुडातून पाणी मात्र काढून टाका.

पीयूसी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी गरम इंजिनावर होते. बीएस-४ डिझेलसाठीची धुराच्या दाटपणाची १.६२ प्रति मीटर ही मर्यादा तुमची गाडी आजही सहज पाळेल, कारण तोवर धूर थांबलेला असतो.

आज ऑइलची डिपस्टिक बघा. पातळी वर चढलेली असेल, ऑइल पातळ झालं असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, आणि मग वर लिहिलेला क्रम थोडा मोडून इंजेक्टरची चाचणी प्लगसोबतच करा. पातळी ठीक असेल तर दुरुस्तीनंतर बदललं तरी चालेल. हे काम टाळायचं नाही, कारण गेले काही आठवडे थोडं डिझेल रोज त्यात उतरत आलंय.

मेकॅनिकला एवढंच सांगा: आधी अर्थिंग आणि बॅटरी, मग चारही प्लगचा करंट, मग गरज पडली तर परतीच्या बाटल्या. नवे प्लग टाकूनही धूर राहिला, तर आम्हाला पुन्हा लिहा. पत्रात त्या पहाटेचं तापमान, चारही प्लगचा मिळून स्थिरावलेला करंट, सेल्फ मारतानाचं व्होल्टेज, मागे राहिलेल्या सिलिंडरचा नंबर आणि त्याच सिलिंडरच्या जुन्या प्लगच्या टोकाचा फोटो एवढं पाठवा.